अंगावरचं दूध

प्रिय तित्सियानो,

ऑक्टोबरातला तो रविवार तुला आठवतो का, मला माहीत नाही. मला आठवतो, कारण त्या दिवशी या घरात पहिल्यांदा पोलेंटा तळाला लागला. तू तेव्हा पंचविशीत होतास, लग्न व्हायचं होतं. बाबा खाली वर्कशॉपमध्ये खुर्च्यांच्या पायांना पॉलिश करत होते आणि तू बाह्या दुमडून तांब्याच्या भांड्यात मक्याचं पीठ घोटत उभा होतास. घोटण्याचं काम तुझंच, स्टुलावर चढून उभा राहायच्या वयापासूनचं. हात थांबला की पोलेंटा रुसतो, असं मी तुला शिकवलं होतं, आणि तू कधी हात थांबवला नव्हतास. मी ओट्याशी कांदा चिरत होते. तू मागे न वळता विचारलंस, "आई, तू मला अंगावर किती महिने पाजलंस?"

मला हसूच फुटलं. म्हटलं, एवढा बाप्या झाला आणि विचारतोय काय! "अकरा महिने," मी म्हणाले, "चावायला लागलास म्हणून सोडवलं, नाहीतर शाळेत जाईपर्यंत प्यायला असतास." आणि मग मला सुरसुरी आली. त्या वर्षी अख्ख्या गल्लीत तुझ्याइतकं गुटगुटीत पोर नव्हतं, हेही सांगितलं. वांदामावशीचा इवानो डब्याच्या दुधावर कसा काडीसारखा होता, तेही सांगितलं. मग करपल्याचा वास आला. मी ओरडले, "लक्ष कुठे आहे रे तुझं?" "आहे, आहे," म्हणालास, आणि खाली मान घालून तळ खरवडत राहिलास. जेवताना ती करपलेली खरवड तू स्वतःच्याच ताटात घेतलीस.

जवळजवळ दहा वर्षं मी तो प्रश्न लाडाने विचारलेला समजत होते.

शाळेतल्या सिस्टर आन्येझेंचा आम्हा मुलींना एक नियम होता. रागात पत्र लिहायचं नाही. लिहिलंच तर रात्रभर उशीखाली ठेवायचं आणि सकाळी प्रार्थना करून फाडून टाकायचं. हे पत्र मी उशीखाली ठेवलं होतं. सकाळी उठून प्रार्थना केली, पुन्हा वाचलं, आणि राग होता तेवढाच होता. उलट दोन वाक्यं वाढली.

तोंडाने बोलून पाहिलं, हे तू नाकारणार नाहीस. मी जिना उतरून खाली आले, "तित्सियानो, जरा थांब," म्हणाले, की तू करवत सुरू करतोस. करवतीशी भांडायचं माझं वय राहिलं नाही. म्हणून हे पत्र तुझ्या रंध्याखाली ठेवते आहे. सोमवारी सकाळी तुझा पहिला हात त्यालाच लागतो. गुरुवारी तुझी बायको लोरेना मोंझाच्या इस्पितळात पोट फाडून घ्यायला जाते आहे. त्याआधी तू हे वाचायला हवंस. मधेच घडी घालून खिशात टाकू नकोस.

तो शहात्तर सालचा उन्हाळा तुला बाबांनी अनेकदा सांगितला आहे. पण बाबा सांगायचे ती कारखान्याची गोष्ट असायची: कुठली टाकी तापली, कुठली झडप उडाली, कुणी काय दडवलं. मी तुला स्वयंपाकघराची सांगते, कारण आपल्या घरावर जे आलं ते स्वयंपाकघरातून आलं.

शनिवारची दुपार होती. मी परसात चिकोरीची पानं खुडत होते. शिट्टीसारखा आवाज झाला आणि थोड्या वेळाने तो ढग आमच्या बाजूला सरकत आला. औषधाच्या दुकानात येतो तसा वास. डोळे चुरचुरले. बाबा म्हणाले, "त्या कारखान्याचा वास काय आजचा आहे? चल, वाढ." आणि आम्ही तीच चिकोरी तेल-मीठ लावून खाल्ली. पुढचे कित्येक दिवस आम्ही तेच परस खात होतो. नंतर पालिकेचा माणूस दारात येऊन म्हणाला की भाज्या खाऊ नका, खबरदारी म्हणून. कसली खबरदारी, ते त्याला माहीत नव्हतं. ज्यांना माहीत होतं ते दारात येत नव्हते. पानांना सिगारेटने डागल्यासारखी भोकं पडली. चिमण्या अंगणात पडायला लागल्या. मग पाळलेले ससे.

आपल्या ब्रिआन्त्सा भागातल्या माणसाला एक गोष्ट बघवत नाही: काही वाया जाणं. लाकडाचा तुकडा आपण फेकत नाही, शिळ्या पावाचा कोरका फेकत नाही. ससे मरायला लागले तेव्हा गल्लीतल्या शहाण्या बायका म्हणाल्या, "उरलेले आजारी पडायच्या आत कापा!" एकीने कापला, दुसरीने कापला, आणि त्या आठवड्यात अख्ख्या गल्लीत सशाच्या रश्शाचा असा घमघमाट होता, जणू सण आहे. तुझ्या आजीने पिंजऱ्यातले सगळे धष्टपुष्ट ससे एका सकाळी सोलून टाकले. माझी पाळी चुकली होती. मी कुणाला सांगितलं नव्हतं, पण सासूच्या नजरेतून काय सुटतं? मांडीचा चांगला तुकडा तिने माझ्या ताटात घातला. "खा गं, आता दोघांचं खा." मी खाल्लं. रोझमेरी घातली होती, वाइन घातली होती. चविष्ट होता, तित्सियानो. हे मला लिहायचंच आहे. विषाला काही चव नव्हती.

पलीकडच्या गल्लीतल्यांना सैनिकांनी घराबाहेर काढलं आणि तार ओढली. आपली गल्ली तारेच्या अलीकडे राहिली, "ब" विभागात. ब म्हणजे काय, तर आम्हा गरोदर बायकांना आणि लहान मुलांना सकाळी बसमध्ये बसवून लांब न्यायचे आणि संध्याकाळी झोपायला घरी आणून सोडायचे. जणू विष दिवसपाळीला कामावर होतं आणि रात्री घरी जात होतं. बसमध्ये वांदा माझ्या शेजारी बसायची, तीही इवानोला पोटात घेऊन. ती म्हणायची, "रोसांजेला, ज्याने हे वेळापत्रक बनवलं त्याला त्याच्या बायकोने एकदा आपल्या परसातलं सॅलड वाढावं."

आणि आमच्या पोटावर जो तो हक्क सांगत होता. एक डॉक्टर म्हणाला, पाडून टाका. दुसरा म्हणाला, थांबून बघा. फादर म्हणाले, पाप आहे. मिलानहून आलेली एक बाई म्हणाली, देह तुझा, निर्णय तुझा. प्रत्येकाने बरोबर फोटोवाला आणला होता. बाई, तू जेवलीस का, हे मला एकानेही विचारलं नाही. मी ठरवलं ते या टेबलाशी बसून, एकटीने, आणि त्याचे आभार तुझ्याकडून मला कधीच नको होते.

मार्चमध्ये तू झालास. मी अंथरुणातूनच मुलगा झाल्याची निळ्या रेशमाची फीत शिवली आणि बाबांनी ती दाराला बांधली. एरवी दारावर फीत दिसली की लोक बाळाचं कौतुक करायला येतात. त्या वर्षी ते बोटं मोजायला येत होते. तोंडाने "गोड आहे हो," म्हणत आणि डोळ्यांनी एक, दोन, तीन. वांदाच्या सासूने तर तुझं दुपटं सोडून पायाची बोटंही मोजली. डॉक्टरांनी तुला उलटं-सुलटं करून पाहिलं आणि म्हणाले, "हातांची दहा, पायांची दहा, आवाज खणखणीत. बाई, तुम्ही सुटलात." बाबा खाली जाऊन पाटीसमोर उभे राहिले. "आत्तिलियो बोर्गोनोवो आणि मुलगे." ती अक्रोडाची पाटी त्यांनी लग्नाच्या आठवड्यातच कोरली होती. मुलगे कुठायत, असं लोक चिडवायचे, तेव्हा ते म्हणायचे, "चांगलं लाकूड आधी वाळवावं लागतं." त्या दिवशी त्यांनी गल्लीतल्या सगळ्यांना वाइन पाजली. आणि मग त्याच पाटीच्या उरलेल्या अक्रोडातून तुझा पाळणा केला.

खायला काय होतं मला त्या वर्षी? परसातली माती वरून खरवडून नेली होती. कोंबड्या गेल्या, गाईचं दूध बंद. सगळं बाहेरून, सगळं डब्यातलं. आमच्या हाताशी स्वच्छ अशी एकच गोष्ट उरली, असं आम्हाला वाटलं: आमचं दूध. दवाखान्यातली नर्स म्हणाली, "तुमचं दूध म्हणजे सोनं. एक थेंब वाया घालवू नका." आणि वाया घालवू नका म्हटलं की ब्रिआन्त्साची बाई काय करणार! सिस्टर आन्येझे तुला बघायला आल्या तेव्हा म्हणाल्या, "देवाने आईच्या छातीभोवती स्वतः कुंपण घातलंय. तिथे कुठल्याही कारखान्याची पोच नाही." मी ते वाक्य वर्षानुवर्षं मनात जपलं. वांदाचं दूध मात्र भीतीने आटलं. चर्चमधून तिला डबे मिळायचे. ती डबा उघडताना रडायची. मी तिला "डब्याची आई" म्हणायचे, ती मला "दूधवाली" म्हणायची, आणि आम्ही दोघी हसायचो. त्या दिवसांत हसायला दुसरं काय होतं?

आता मागच्या महिन्यातली गोष्ट. चर्चच्या सभागृहात मिलानची एक डॉक्टरीण आली होती, इतक्या वर्षांच्या तपासण्यांत काय निघालं ते सांगायला. तू आला नाहीस. इवानोही आला नाही. पुरुष फारसे नव्हतेच. सगळ्या बायका, माझ्या वयाच्या. ती बाई चांगली होती, हळू बोलणारी. तिने पडद्यावर चित्रं दाखवली. त्या उन्हाळ्यात आमचं रक्त घेतलं होतं ना, ते गोठवून ठेवलेलं होतं. उत्तर तिथेच थंडीत बसलं होतं आणि आम्ही इथे पोरं वाढवत होतो. ती म्हणाली की त्या वेळी जे मुलगे अगदी लहान होते, त्यांच्यात आता मोठेपणी शुक्रजंतू कमी सापडले. मोठ्या वयाच्या मुलांत तसं झालं नाही. मग तिने पाण्याचा घोट घेतला आणि म्हणाली की ढगानंतर जन्मलेल्या मुलग्यांतही फरक दिसतो. ज्यांना आईने अंगावर पाजलं, त्यांच्यात संख्या कमी आणि त्यांची चालही मंद. ज्यांना डब्याचं दूध मिळालं, त्यांच्यात तसं नाही. डायॉक्सिन, म्हणजे त्या ढगातलं विष, आईच्या चरबीत मुक्काम करतं आणि दुधात चरबी असते. पाजताना आई थोडी रिकामी होते आणि मूल भरतं.

शुक्रजंतू. बासष्टाव्या वर्षी हा शब्द मी पहिल्यांदा लिहिते आहे. सिस्टर आन्येझेंनी आम्हाला शुद्धलेखनाला तो कधी घातला नव्हता.

सभागृहात पडद्याचं यंत्र घरघरत होतं. मी उभी राहिले. ती बाई माझं तोंड बघूनच म्हणाली, "आई, यात तुमचा काही दोष नाही." मी म्हणाले, "दोषाचं मी विचारलंच नाही. तुम्हाला कळलं कधी, ते विचारतेय." ती म्हणाली, अशा गोष्टी पक्क्या व्हायला वर्षं लागतात. "आमच्या सुना तेवढी वर्षं थांबल्या होत्या का?" मी विचारलं. तिने हातातले कागद खाली ठेवले. तिच्यावर माझा राग नाही. निदान ती दारात आली. मी खाली बसले तेव्हा वांदाने माझा हात घट्ट धरला होता. "पस्तीस वर्षं तू मला डब्याची आई म्हणालीस," ती कुजबुजली, "आता हसायचं की रडायचं ते सांग, म्हणजे तसं करते." मी म्हणाले, "आधी मला इथून बाहेर ने." वाटेभर मला तो तळाला लागलेला पोलेंटा दिसत होता.

तुला माहीत आहे मला राग कशाचा येतो? बोटांचा. त्या सगळ्यांनी तुझी बोटं मोजली. चेहऱ्यावर पुळ्या आहेत का पाहिलं, पाठीचा कणा चाचपला, डोळ्यांत बॅटरी मारली, आणि मला सांगितलं की मी सुटले. आणि त्यानंतर जे काही बिघडेल ते बायकांच्याच पोटात बिघडेल, असं या गावाने धरून टाकलं. दर वर्षी आम्हालाच प्रश्न, आम्हालाच तपासण्या. पुरुषांचं काही होऊ शकतं, हे कुणाच्या तोंडून निघालं नाही. आणि जेव्हा त्यांनी तरुण मुलांना बोलावलं, तेव्हा बारमध्ये काय खिदळणं चाललं होतं! "बाटली किती मोठी देतात रे?" "मी गेलो तर पिंप लागेल!" मला वांदाने तेव्हाच सांगितलं होतं. मी तेव्हा हसलेही असेन. त्या खिदळणाऱ्यांतले अर्धेअधिक गेलेच नाहीत तपासायला. तू गेलास. त्याचा मला अभिमान आहे, तोही इथे लिहून ठेवते.

या मंगळवारी लोरेना माझ्याकडे आली होती. मी वाटाणे सोलत होते, तीही बसली सोलायला. ती वर न बघता म्हणाली, "पुढच्या गुरुवारी दाखल व्हायचंय, आई. पोटाला तीन छोटी भोकं पाडतील, आत कुठे काही चिकटलंय का बघतील, असलं तर सोडवतील. आधीच्या तपासण्यांत काहीच दिसलं नाही, म्हणून आत घुसून बघायचं म्हणतात." मी विचारलं, "आणि तित्सियानोला तपासलं?" तेव्हा ती हसली. किती दिवसांनी हसली! "डॉक्टरांनीही तेच विचारलं. पण त्याचं तर त्या संशोधनात झालंय ना, लग्नाआधीच. तो म्हणाला, कागद कुठे हरवलाय पण निकाल घोड्यासारखा ठणठणीत. डॉक्टर म्हातारे आहेत, म्हणाले, मग प्रश्नच नाही, आपण तुमच्याकडेच बघू." वाटाण्याची शेंग माझ्या हातातून पडली. तिने उचलून दिली. ती म्हणाली, "घाबरू नका हो. मला नाही भीती वाटत. उलट काहीतरी सापडू दे असं वाटतं. काही नाही सापडलं तर मी लोकांना काय सांगू?"

हे वाक्य पुन्हा वाच. तिला आपल्या पोटात काहीतरी वाईट सापडायला हवं आहे.

बाबा गेले त्या आठवड्यात त्यांनी तिचा हात धरून म्हटलं होतं, "पोरी, पाळण्यावर धूळ बसली गं." तू खोलीत होतास. ती स्वयंपाकघरात येऊन नळ सोडून रडली, पाण्याच्या आवाजात लपवून, आणि तू खाली जाऊन एका खुर्चीला पॉलिश पेपर मारत बसलास, आधीच गुळगुळीत असलेल्या खुर्चीला. बाजारात भाजीवाली तिला विचारते, "काय गं लोरेना, अजून दोघांपुरतीच भाजी?" नाताळात तुझ्या आत्तेबहिणीने सगळ्यांदेखत तिला संत अन्नाची तसबीर दिली, लेकरं देणारी संत म्हणून. तिने आभार मानले. तू केक कापत होतास.

मला वाटलं होतं की ही तुझी लाज आहे. पुरुषाची लाज, ब्रिआन्त्साच्या सुताराची लाज, पाटीवरच्या "मुलगे"ची लाज. मी त्या लाजेवर चिडून बसले होते. लाज तर त्यांना वाटायला हवी होती, ज्यांनी टाकी तापू दिली आणि जीभ थंड ठेवली. ते सगळे बाइज्जत म्हातारे झाले आणि त्यांची लाज तू अंगावर घेऊन फिरलास. तेवढ्यावर मी तुला दोन शब्द सुनावून मोकळी झाले असते. पण बुधवारी इवानो माझा नळ दुरुस्त करायला आला.

मी दार लावून घेतलं. कॉफी ठेवली. म्हटलं, "तू त्याच्याबरोबर गेला होतास तपासायला. निकाल आणायलाही दोघे गेलात. बोल." तो कपाकडे बघत म्हणाला, "मावशी, मी शपथ घेतलीय." "कुणाची?" "तुझ्याच गळ्याची." "मग माझा गळा मी सोडवते. बोल." तीन मुलींचा बाप, एवढा दांडगा माणूस, आणि डोळे भरले त्याचे. त्याने सांगितलं की तपासणीच्या फॉर्मवर आईने किती महिने पाजलं हा प्रश्न होता, निकालात तुझे आकडे फार कमी आले, आणि परत येताना तू गाडी त्या ओकच्या वनापाशी थांबवलीस. जिथे तारेपलीकडची घरं पाडून माती पुरली, वर झाडं लावली, आणि आता लोक सकाळी धावायला जातात, तिथे. तू उतरला नाहीस. स्टिअरिंगवर हात ठेवून म्हणालास, "आईला हे कधीही कळता कामा नये. तिने अकरा महिने पाजलं त्याचा तिला केवढा अभिमान आहे. कळलं तर ती मरेल."

मी मेले नाही, तित्सियानो. इवानोने कॉफी संपवली, नळाचं वायसर बदललं, मी त्याला सूप वाढलं. त्या रात्री मी झोपलेही. पण सकाळी उठल्यापासून मला प्रचंड राग आला आहे, आणि तरीही बघ माझं अक्षर किती सरळ आहे. माझ्या दुधाचा मान राखायला तू लोरेनाचं पोट फाडायला निघालास? मला विचारलंस? मी तुला पाजलं त्याबद्दल मी कुणाचीही क्षमा मागणार नाही, तुझीही नाही. माझ्याकडे जे सर्वांत चांगलं होतं ते मी तुला दिलं. त्यात विष कालवलं ते दुसऱ्यांनी, आणि मला सांगितलं नाही तेही दुसऱ्यांनीच. माझ्या मायेवर त्यांनी हात मारला, याचा सूड मी रडून घेणार नाही. आणि माझ्या नावावर आणखी एका बाईचं शरीर मी कुणाला चिरू देणार नाही. एका उन्हाळ्यात आम्हा सगळ्यांच्या पोटांवर परक्यांनी हक्क सांगितला होता. तू माझ्याच घरात तेच करतो आहेस, आणि वर त्याला प्रेम म्हणतो आहेस.

त्या डॉक्टरीणबाई दारापर्यंत माझ्यामागे आल्या होत्या. म्हणाल्या, "आई, कमी म्हणजे शून्य नव्हे. खरं सांगितलं तर डॉक्टर बरंच काही करू शकतात." खरं सांगितलं तर. लोरेना पस्तिशीची आहे. लग्नाची चार वर्षं तू त्या "तर"वर बसून आहेस.

तर आता कामाचं. गुरुवार यायच्या आत लोरेनाला सगळं तुझ्या तोंडून कळायला हवं, म्हणून हे पत्र. आई मोडेल, ही तुझी सबब आजपासून संपली. आई मोडलेली नाही. वस्तूंचं मी ठरवलं आहे ते असं. पाळणा लोरेनाला. तुम्हा दोघांना नव्हे, तिला. त्यात ती बाळ निजवो, लोकरीचे गुंडे ठेवो की कुऱ्हाड घालो, कुणी विचारायचं नाही, तू तर नाहीच. वर्कशॉपची पाटी उतरव आणि बाबांच्या नावापुढचं सगळं कापून मला आणून दे. आयुष्यात पहिल्यांदा मी चांगलं अक्रोडाचं लाकूड चुलीत घालीन. निळी फीत माझ्या कपाटातल्या वरच्या खणात आहे, ती त्या मिलानच्या डॉक्टरीणबाईंना पोचव. माझं रक्त त्यांनी इतकी वर्षं जपलं, ही पण जपू दे शेजारी. संत अन्नाची तसबीर तुझ्या आत्तेबहिणीला परत, माझ्यातर्फे, आणि सांग की प्रार्थनेचा पत्ता चुकला होता. राग मी कुणाला देत नाही, पुढच्या सभेला मला तो लागणार आहे. पोलेंटाचं तांब्याचं भांडं वांदामावशीला. तुझ्या बारशापासून तिचा त्यावर डोळा आहे. आणि हे पत्र वाचून झालं की लोरेनाला दे. तिला लांबचं वाचता येतं, पण जवळचं वाचायला चष्मा लागतो, तो शोधून दे आणि ती वाचेपर्यंत तिच्यासमोर बसून राहा. करवत बंद ठेवून. तुला जमलं नाही तरी हरकत नाही. दुसरी प्रत मी याच अक्षरात लिहून वांदामावशीकडे ठेवली आहे, वर लोरेनाचं नाव घालून. बुधवारी संध्याकाळी चर्चमध्ये त्या दोघी शेजारी बसतात, आणि वांदामावशीच्या पोटात काही राहत नाही, हे तुला लहानपणापासून ठाऊक आहे.

तुझीच, करपलेली खरवड यापुढे तुला एकट्याला खाऊ न देणारी,
आई